बजेटची तूट आणि योजनांना कात्री: आकडे कसे वाचायचे

सरकार "योजनांमध्ये सुधारणा" म्हणालं की आधी तुटीचा, म्हणजे उत्पन्नापेक्षा खर्च किती जास्त त्याचा आकडा काढा, पण नुसता आकडा बघून घाबरू नका, जीडीपीच्या (देशाच्या वर्षभरातल्या एकूण उत्पादनाच्या) किती टक्के आहे ते बघा. युरोपात १९९२ च्या मास्ट्रिक्ट करारात ३ टक्क्यांची मर्यादा ठरली, तीही बऱ्याच देशांनी कितीदा तरी ओलांडलीय, म्हणजे ती काही काळ्या दगडावरची रेघ नाही.

मग तुटीतून व्याज वजा करा, उरते ती प्राथमिक तूट. समजा तूट १०० आणि त्यात ७० व्याजच, तर यंदाची उधळपट्टी म्हणाल तर ३० ची, बाकी जुन्या कर्जाचं ओझं. इथेच भलेभले फसतात.

आता योजना. पैसे वाचणार कुठून? रक्कम कमी होतेय, माणसं कमी होतायत, की नुसते फॉर्म वाढतायत, म्हणजे लोक कंटाळून आपणच सोडून देतील? तिसरा प्रकार सगळ्यात बेरकी, कारण कागदावर कुणाचंच नाव कापलेलं दिसत नाही. महागाईत रक्कम "तशीच ठेवली" तर तीही कपातच हां. आणि मंदीत टॅक्स घटतो, बेकारी भत्ता आपोआप वाढतो, तेव्हा एकाच वर्षाची तूट दाखवून कायमची कात्री लावत असतील तर मागच्या ५-१० वर्षांचे आकडे शेजारी ठेवून बघा.