मूल जेवण टाळतंय? घरच्यांनो, या चुका टाळा

दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात पेपरात गुंडाळलेल्या दोन पोळ्या सापडल्या. तीन-चार दिवसांच्या, पापडासारख्या कडक. लेक तेव्हा आठवीत. मी आधी ओरडले. अन्नाचा माज, आमच्या वेळी कसं होतं, सगळं ऐकवून झालं. दुसऱ्या दिवसापासून डबा चाटूनपुसून रिकामा येऊ लागला आणि मी खूश. पोळ्या मैत्रिणीच्या पोटात जात होत्या, हे कळायला पुढे दोन महिने गेले. ओरडल्याने खाणं वाढत नाही, लपवणं वाढतं. त्या दिवशी फक्त "डबा का नको वाटतो गं?" एवढं विचारून गप्प बसायला हवं होतं.

दुसरी चूक आपण एकट्याने करत नाही, अख्खं खानदान करतं. लग्नात भेटलेली काकू म्हणते, "अगंबाई, केवढी सुटलीस!" बारीक मुलगा सगळ्यांचा काडीपैलवान. नंतर घरी येऊन आपण मुलांनाच सांगतो, मनावर घेऊ नकोस. त्यापेक्षा तिथेच, हसत का होईना, काकूंना सांगा: "तिच्या अंगावरून नको बोलूया, तबला कसा चाललाय ते विचारा." आणि "बारीक झालीस, काय छान दिसतेस!" हेही थांबवा. जेवण सोडलेल्या मुलीला ती शाबासकी वाटते.

वयात येताना वजन वाढतंच. मुलींची उंची साधारण अकरा-बारा वर्षांच्या सुमारास झपाट्याने वाढते, मुलांची त्यानंतर दोनेक वर्षांनी. त्याच काळात मुलींच्या मांड्या, कंबर भरते. ते खाण्याचे लाड नव्हेत. मोबाइलवरचा मोठ्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबात वजन किती ते सांगणारा आकडा, त्यांना लावू नका. ५ ते १८ वर्षांसाठी इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५चे वेगळे वाढीचे तक्ते आहेत. डॉक्टर त्यात एक आकडा बघत नाहीत, रेघ कुठून कुठे चालली आहे ते बघतात.

आता उपवास. याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, आणि आपल्या घरांत जेवण टाळायला याहून सोयीची आड नाही. संकष्टी, श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार. मुलगी उपवास धरते म्हटल्यावर आजीला केवढं कौतुक! मीही देव्हाऱ्यासमोर हात जोडले होते. खूण एकच बघा: खिचडी, रताळं, दाण्याचे लाडू समोर असूनही ती नुसत्या पाण्यावर राहते का? वारांची संख्या हळूहळू वाढतेय का? शंका आली तर उपवास सरळ बंद. गणपतीबाप्पा रागावणार नाही, मोदक आवडणारा देव आहे तो.

दिवसभर उपाशी राहिलेलं मूल रात्री फरसाणाचा अख्खा डबा संपवतं, तेव्हा "तोंडावर ताबा नाही" म्हणू नका. १९४४-४५मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अपुऱ्या जेवणावर ठेवलं होतं. ते चिडचिडे झाले, उदास झाले, पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले, काहींनी ताटं चाटली. चांगली मोठी माणसं ही! भुकेचा परिणाम आहे तो, स्वभाव नव्हे. डब्याला कुलूप लावण्याऐवजी सकाळची न्याहारी आणि चारचं खाणं चुकू देऊ नका.

मुलग्यांचं दुखणं तर "बॉडी बनवतोय" या कौतुकाखालीच दडतं. प्रोटीन पावडरच्या डब्याआधी अंडी, डाळ, दूध, शेंगदाणे. आणि जिममधल्या कुणी दिलेली गोळी-इंजेक्शन अजिबात नाही.

डॉक्टरांकडे नेण्याआधी डाएट चार्ट आणणं ही माझी शेवटची चूक. आकड्यांनी आधीच पछाडलेल्या पोरीच्या हातात मी आणखी आकडे दिले. चक्कर येणं, सतत थंडी वाजणं, जेवल्याबरोबर बाथरूमचं दार लावून घेणं, वजन भराभर उतरणं, तीन महिने पाळी न येणं, यातलं काहीही दिसलं तर बालरोगतज्ज्ञ गाठा. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून निश्चिंत होऊ नका, मानसोपचारतज्ज्ञांचं नाव मागून घ्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. मूल बेशुद्ध पडलं किंवा जगण्याला कंटाळल्याचं बोललं तर मात्र त्याच दिवशी, त्याच घटकेला दवाखाना.

आमच्याकडे पहिले सहा-सात महिने कठीण गेले. समुपदेशक बाईंनी एकदा लेकीला बाहेर बसवून मलाच विचारलं, "घरात वजनकाट्यावर रोज कोण उभं राहतं?" मी. रोज सकाळी, चहाआधी, "बाई गं, पुन्हा वाढलं" असं मोठ्याने म्हणत, पोरगी शेजारी दात घासत असताना. त्या रविवारी काटा रद्दीवाल्याला दिला. त्याने वीस रुपये दिले, आणि चालतोय ना, हे बघायला आधी स्वतः त्यावर उभा राहिला.