क्रो ब्रेकला लागणारा एलेव्हेटर हवेतच सेट करा

रिमोटवरचा मॉडेल ग्लायडर उतरवताना वेग कमी करायला पंखांवरचे फ्लॅप (आतल्या बाजूच्या पट्ट्या) खाली आणि एलेरॉन (टोकाकडच्या पट्ट्या) वर घेतात, हाच क्रो ब्रेक. तो दिला की बहुतेक मॉडेल नाक वर करतात, म्हणून थोडा डाऊन एलेव्हेटर (शेपटीवरची, नाक वरखाली करणारी पट्टी) मिक्स करावा, म्हणजे क्रोबरोबर आपोआप हलेल असा जोडावा लागतो. किती, ते जमिनीवर बसून कळत नाही आणि मग उतरा, आकडा बदला, परत उडवा असं चालू राहतं.

त्यापेक्षा हा आकडा एखाद्या रिकाम्या नॉबवर द्या. रिमोटमध्ये एजटीएक्स (EdgeTX, रिमोटचं सॉफ्टवेअर) असेल तर

१. क्रो स्टिकवरून एलेव्हेटरला जाणाऱ्या मिक्सच्या वेटमध्ये (किती टक्के हलवायचं तो आकडा) जीव्ही१ (ग्लोबल व्हेरिएबल १, म्हणजे बदलता येणारा आकडा) टाका.
२. स्पेशल फंक्शनमध्ये ॲडजस्ट जीव्ही१ घेऊन सोर्स म्हणून नॉब द्या, एखाद्या स्विचवर ठेवलं तर अजून बरं.
३. भरपूर उंचीवर सरळ उडताना अर्धा क्रो द्या, नॉब फिरवत नाक वरखाली होईना असं करा, मग पूर्ण क्रो देऊन बघा.
४. उतरल्यावर जीव्ही१चा आकडा वाचा, मिक्समध्ये तोच पक्का टाका आणि नॉबवालं फंक्शन काढून टाका, नाहीतर खिशात-बॅगेत नॉब हलला की सगळं बोंबललं.

अर्ध्यावर जमतंय पण पूर्णवर नाक खाली जातंय असं झालं तर सरळ रेषेऐवजी ५ पॉइंटचा कर्व्ह (पाच ठिकाणी वेगवेगळा आकडा देता येणारी वक्र रेषा) लावा, कारण डाऊनची गरज बहुधा फ्लॅपच्या सुरुवातीच्या हालचालीतच जास्त असते, पुढे फारशी वाढत नाही.

उडवण्याआधी जमिनीवर एकदा क्रो देऊन एलेव्हेटर खालीच जातोय ना ते नक्की बघा, उलटा असेल तर स्टॉल (नाक फार वर जाऊन पंखांची उचल संपणं) ठरलेला.