मेलबर्नची कसोटी पाहायला जाताय? आधी संध्याकाळचे बेत ठरवा

डिसेंबरात मेलबर्नचं घड्याळ आपल्या साडेपाच तास पुढे असतं. म्हणून 26 डिसेंबरला सुरू होणाऱ्या बॉक्सिंग डे कसोटीचा पहिला चेंडू तिथं साडेदहाला पडतो, तेव्हा आपण नागपूरकर पहाटे पाचला रजईत बसून चहा घेत असतो. आता आमच्या धरमपेठेतूनही प्रत्यक्ष जाणारे वाढलेत आणि निघायच्या तोंडावर मला विचारतात, "ताई, मॅच संपल्यावर काय करायचं?" हा प्रश्न तिकिटं काढायच्या आधीच विचारायला हवा.

खेळ साडेपाच-सहाला थांबतो आणि सूर्य मावळतो पावणेनऊच्या सुमारास. जवळजवळ तीन तास उजेड हाती असतो. आपल्याकडे त्या दिवसांत सहाला अंधारून येतं, त्या सवयीनं लोक हॉटेल गाठतात आणि सगळ्यात सुंदर वेळ खोलीत घालवतात.

म्हणून खोली फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनच्या आसपास घ्या, थोडी महाग पडली तरी. एमसीजीवरून, म्हणजे सामन्याच्या मैदानावरून, विल्यम बराक पूल ओलांडून, बिरारुंग मार बागेतून यारा नदीच्या कडेनं वीसेक मिनिटांत स्टेशनसमोरच्या फेडरेशन स्क्वेअरला पोचता. दोन्ही संघांचे प्रेक्षक याच वाटेनं गात-वाद घालत चालतात. ट्राममध्ये बसून ही मजा घालवू नका. शहराच्या मध्यभागात ट्राम फुकट आहे, पण एमसीजी त्या हद्दीबाहेर येतं. तिकडे ट्रामनं जायचं तर मायकी हे तिथलं प्रवासाचं कार्ड लागेल.

पहिली संध्याकाळ गल्ल्यांना द्या. होझियर लेनच्या भिंती चित्रांनी भरलेल्या असतात आणि ती चित्रं सतत बदलतात. तिथून लिटल बर्क स्ट्रीटवरचं चायनाटाउन जवळ आहे. जेवण मात्र आठच्या आत उरका. आपण साडेनऊ-दहाला पानावर बसणारी माणसं; तिथं बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर तोवर बंद होतं, चायनाटाउन त्यातल्या त्यात उशिरापर्यंत चालतं. एक संध्याकाळ 96 नंबरच्या ट्रामनं सेंट किल्डाला जा, समुद्रावर सूर्यास्त बघा. बुधवार असेल तर क्वीन व्हिक्टोरिया मार्केटचा उन्हाळी रात्रबाजार बघा, पण नाताळाच्या आठवड्यात तो भरतोय का हे आधी तपासा.

रात्रीच्या मेलबर्नसाठी दारू प्यायलाच हवी असं नाही. मी घेत नाही, तरी स्वॉन्स्टन स्ट्रीटवरच्या कर्टिन हाउसची गच्ची आणि तळघरातले छोटे जॅझ क्लब मला फार आवडतात. पिणाऱ्यांनी पासपोर्ट जवळ ठेवावा, वय 18 पूर्ण लागतं. बाटली हातात घेऊन शहरात रस्त्यावर फिरू नका, मनाई आहे. शुक्रवारी-शनिवारी लोकल गाड्या रात्रभर चालतात, 96 ची ट्रामही. बाकीच्या दिवशी शेवटची गाडी कधी ते बघूनच बाहेर पडा. बाईमाणसानं एकटीनं फिरताना तर नक्कीच. 31 डिसेंबरला संध्याकाळी सहापासून सकाळी सहापर्यंत सगळी सार्वजनिक वाहतूक मोफत असते. त्या रात्री टॅक्सीच्या नादी लागू नका, आतषबाजी नदीकाठावरून बघा.

आता उन्हाचं. "आम्ही 45 डिग्रीचे," असं म्हणून टोपी न घेता बसू नका. तिथं हवा 22 डिग्री असली तरी ऊन कातडी भाजून काढतं. दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो, त्यामुळे दक्षिणेच्या शेन वॉर्न स्टँडच्या खालच्या रांगा तळपत राहतात. तिकीट वरच्या रांगांचं किंवा पॉन्सफर्ड-ऑलिंपिक स्टँडचं बघा. सोबत स्वेटरही हवा, दुपारनंतर वारा फिरला की अर्ध्या तासात गारठा पडतो.

तिकिटं पहिल्या तीन दिवसांचीच काढा. 2025 ची कसोटी दोन दिवसांत आटोपली! राहिलेल्या दिवसांत ग्रेट ओशन रोड करा. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 मध्ये बांधलेला 243 किलोमीटरचा हा रस्ता आहे. समुद्राकाठानं ट्वेल्व्ह अपॉसल्स या समुद्रातल्या खडकांच्या सुळक्यांपर्यंत जायला चार तास लागतात, म्हणून एका दिवसात जाऊन-येऊन न करता वाटेत लॉर्न किंवा अपोलो बेला मुक्काम टाका. एमसीजीचा गाईडसोबतचा फेरफटका सामन्याच्या दिवशी नसतो आणि 25 ला जवळपास सगळं शहर बंद असतं, तेव्हा तो 24 पर्यंत उरकून घ्या.

बॅग भरताना एक लक्षात ठेवा. संत्री कितीही आग्रहानं कुणी दिली तरी नेऊ नका, ताजी फळं विमानतळावर काढून घेतात. दुधाची मिठाईही अडकू शकते. मसाला, लोणचं, चिवडा, जे काही खाण्याचं असेल ते विमानात मिळणाऱ्या प्रवेश-कार्डावर लिहा आणि अधिकाऱ्याला उघडून दाखवा. न सांगता सापडलं तर जबर दंड होतो.