केसांतून मेंदूचे संकेत टिपणारा कोरडा इलेक्ट्रोड

मेंदूतील विद्युत्‌संकेत डोक्याच्या कातडीवर पोहोचतात तेव्हा ते जेमतेम 10 ते 100 मायक्रोव्होल्ट उरतात. ते टिपण्यासाठी डोक्यावर इलेक्ट्रोड, म्हणजे संकेत पकडणारा धातूचा तुकडा, बसवतात आणि त्याखाली सहसा वीजवाहक जेल लावतात. पण वर्धा जिल्ह्यातल्या ज्या गावात उन्हाळ्यात पिण्याचे पाणीच दुरून आणावे लागते, तेथे तपासणीनंतर बाईला केस धुवायला सांगणे मला पटत नाही. म्हणून जेलशिवाय चालणाऱ्या इलेक्ट्रोडचा हा खटाटोप.

रचनेसाठी फणी डोळ्यांपुढे ठेवावी. सपाट चकती केसांवरच तरंगते, तर फणीचे दाते केस बाजूला सारून कातडीला भिडतात. मी सुमारे 8 मिलिमीटर लांब आणि दीड मिलिमीटर जाड असे आठ-दहा दाते एका इलेक्ट्रोडला ठेवतो. ते फार जवळ असले, तर मधे केसांचा पुंजका अडकून सगळेच दाते वर उचलले जातात.

दाते गावच्या सोनाराकडून शुद्ध चांदीच्या तारेचे करून घ्यावेत. तांब्याची भेसळ चालणार नाही, हे त्याला आधीच बजावावे. टोक अर्धगोल आणि गुळगुळीत हवे. बोटाच्या पेरावर दाबून पाहिल्यास दाब जाणवावा, पण टोचू नये. मागे खिळ्यासारखे डोके ठेवून त्याला बारीक लवचिक तार डाख द्यावी, मग दाते सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यातून ओवून पाठीशी स्पंज लावावा, म्हणजे डोक्याच्या गोलाईप्रमाणे प्रत्येक दाता वेगळा दबतो. टोके घरगुती ब्लीचमध्ये बुडवल्यास चांदीवर सिल्व्हर क्लोराइडचा करडा थर चढतो आणि संकेताच्या पातळीची सावकाश होणारी सरकण कमी होते. नंतर टोके भरपूर पाण्याने धुवावीत. हा थर घासला जातो, तेव्हा तो पुन्हा चढवावा लागतो.

कोरड्या स्पर्शाचा विद्युत्‌रोध जास्त असतो. म्हणून गिगाओहम (अब्जावधी ओहम) इनपुट रोध असलेला बफर, म्हणजे क्षीण संकेत न दबवता पुढे पाठवणारे छोटे सर्किट, इलेक्ट्रोडच्या पाठीवरच बसवावा. लांब तारेत घरातल्या वायरिंगची 50 हर्ट्झची गुणगुण शिरते. सर्व यंत्रणा बॅटरीवरच चालवावी. चार्जिंगला लावलेला लॅपटॉप माणसाला जोडलेल्या यंत्राला कधीही जोडू नये, याबाबत मी कोणाचीही सबब ऐकत नाही.

लावताना भांग पाडून तेवढ्या जागेचे खोबरेल स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे, इलेक्ट्रोड नागमोडी सरकवत खाली न्यावा आणि काही मिनिटे थांबावे. दात्यांखाली घामाचा ओलावा साचला की रोध उतरतो. मात्र आमच्या मे महिन्यात घाम इतका येतो की शेजारचे दोन इलेक्ट्रोड त्यानेच जोडले जातात. अशा वेळी तपासणी पहाटे करावी.

चाचणीसाठी डोक्याच्या मागच्या भागावर, उंचवट्याच्या थोडे वर, इलेक्ट्रोड बसवावा आणि ज्याच्या तुलनेत संकेत मोजायचा तो संदर्भाचा इलेक्ट्रोड कानाच्या पाळीला लावावा. डोळे मिटताच 8 ते 13 हर्ट्झच्या लाटा उठायला हव्यात. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी 1929 मध्ये याच अल्फा लाटांचे वर्णन केले होते. लाटा दिसल्या नाहीत, तर आधी दाते कातडीला टेकले आहेत का ते पाहावे, सर्किटला नंतर हात लावावा. आणि ही चाचणी बारीक केसांच्या मुलावर न करता, जाड वेणीच्या, तेल लावलेल्या डोक्यावर करावी.