पोटाची दुर्बीण: उपाशी राहण्यापासून गुंगी उतरेपर्यंत

कागदावर ओजीडी स्कोपी, अप्पर जीआय एंडोस्कोपी, गॅस्ट्रोस्कोपी असं काहीही लिहिलेलं असलं तरी तपासणी एकच. तोंडातून नळी घालून अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग आतून बघायचा. नळी साधारण ९ मिलिमीटर जाड, म्हणजे करंगळीहून बारीक, आणि आत बघण्याचं काम पाच ते दहा मिनिटांचं. ऐन वेळी तपासणी पुढे ढकलावी लागते ती बहुधा पोट रिकामं नसल्यामुळे, तेव्हा आधी तेच बघू.

सकाळची वेळ असेल तर आदल्या रात्री आठच्या आत हलकं जेवण: वरणभात, मुगाची खिचडी. मटण, तळलेलं, भरपूर पालेभाजी त्या रात्री नको. घन पदार्थ तपासणीच्या आधी किमान सहा ते आठ तास बंद. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुमच्या दवाखान्याने त्याहून आधी बंद सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत. दूध जठरात जाऊन साकळतं, त्यामुळे अर्धा कप चहासुद्धा जेवणासारखाच मोजला जातो. चतुर्थी असली तरी साबुदाणा, ताक, केळं चालणार नाही. तंबाखू, गुटखा, मिश्री हेही त्या सकाळी बंद. मिश्री लावणाऱ्या बायका विचारल्याशिवाय हे सांगत नाहीत, म्हणून घरच्यांनी आठवण करावी. चुकून काही खाल्लं असेल तर सरळ सांगा, वेळ बदलून मिळते. लपवलं आणि गुंगीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. उपाशी राहण्याचं खरं कारण हे आहे. आत स्वच्छ दिसणं हा त्याचा दुसरा फायदा.

आता औषधं. बीपीची गोळी नेहमीच्या वेळी दोन घोट पाण्याबरोबर घेतात. मधुमेहाच्या गोळ्या, विशेषतः ग्लिमेपिराइडसारख्या साखर झपाट्याने उतरवणाऱ्या, उपाशीपोटी घेऊ नयेत. इन्सुलिनचा डोस किती कमी करायचा ते आदल्या दिवशीच डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि वेळ शक्यतो सकाळची पहिली मागा. जुन्या मधुमेहात जठर हळू रिकामं होतं. वजनासाठी किंवा साखरेसाठी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं घेणाऱ्यांचंही तेच होतं. ही माहिती आधी दिली तर उपाशी राहायचा वेळ वाढवून देतात.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, हृदयात स्टेंट असेल तर मुळीच नाही. नुसतं बघणं आणि चिमटीने आतल्या अस्तराचा छोटा तुकडा तपासणीसाठी घेणं यासाठी बहुतेक वेळा त्या चालू ठेवता येतात. अन्ननलिका रुंद करायची असेल किंवा मोठा पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला कोंब, काढायचा असेल तर गणित बदलतं.

एक गोष्ट मात्र सर्रास राहून जाते. एच. पायलोरी या जंतूची तपासणी करायची असेल तर पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल या ॲसिडिटीच्या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक्स चार आठवडे बंद असावी लागतात. नाहीतर जंतू दबून राहतो आणि तपासणी खोटी निगेटिव्ह येते. अल्सरमधून रक्तस्राव झालेला असेल तर मात्र डॉक्टर या गोळ्या चालूच ठेवतात, म्हणून विचारूनच थांबवा.

गुंगी घ्यायची की नुसता स्प्रे, हे आधीच ठरवा. टेबलावर आडवं झाल्यावर ठरवायची ही गोष्ट नाही.

स्प्रे म्हणजे १० टक्के लिग्नोकेन, घसा बधिर करणारं औषध. काही ठिकाणी त्याचंच घट्ट द्रव औषध गुळणी धरून गिळायला देतात. चव कडू, आणि मिनिटभरात घसा जाड झाल्यासारखा वाटतो. गिळता येत नाही, श्वास अडकतोय असं वाटू लागतं. श्वास चालूच असतो, फक्त घशाला कळत नाही. फायदा असा की तासाभरात तुम्ही मोकळे, गाडी चालवत कामावर जाऊ शकता, खर्चही कमी.

गुंगीत नेहमीचं औषध मिडॅझोलॅम, शिरेतून एक ते अडीच मिलिग्रॅम, वयस्कांना त्याहून कमी. दोन-तीन मिनिटांत डोळे जड होतात. ही पूर्ण भूल नव्हे: हाक मारली तर ओ देता येते, श्वास आपला आपण चालतो. मात्र नंतरचं फारसं आठवत नाही. त्यामुळे तपासणीनंतर डॉक्टरांनी सांगितलेलंही विसरायला होतं, सोबतच्या माणसाला समोर बसवा. प्रोपोफॉल हे अधिक खोल झोपवणारं औषध. ते अर्ध्या-पाऊण मिनिटात लागू होतं, जाताना हात चुरचुरतो, आणि बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांत जाग येते. त्यात श्वास मंदावू शकतो, म्हणून ते देताना भूलतज्ज्ञ हवा. तो आहे का, हे विचारण्यात संकोच नको.

आमचा सल्ला: ब्रश करतानाही ज्यांना उबळ येते, फार धास्ती वाटते किंवा मागच्या वेळी त्रास झाला, त्यांनी गुंगी घ्यावी. वयस्क माणसांना स्प्रेवर बहुधा भागतं. त्यांची घशाची उबळ तरुणांपेक्षा कमी असते. मोठ्याने घोरणं, दमा, हलणारे दात, औषधाची ॲलर्जी, गरोदरपण, आधीच्या भुलेत झालेला त्रास हे संमतीपत्रावर सही करण्याआधी सांगा.

टेबलावर डाव्या कुशीवर झोपवतात. कवळी काढायची, चष्मा काढायचा. बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लागतो, त्या बोटावर गडद नेलपॉलिश नको. दातांत प्लास्टिकची कडी बसवतात, म्हणजे नळी चावली जात नाही. अवघड क्षण एकच, दातांपासून १५ ते १८ सेंटिमीटरवरचा, अन्ननलिकेच्या तोंडाचा स्नायू ओलांडताना. “गिळा” म्हटलं की गिळायचं. त्यानंतर अजिबात गिळायचं नाही. लाळ गालावरून खाली टॉवेलवर वाहू द्यायची. लाळ गिळायला गेलं की ठसका लागतो आणि तिथूनच धडपड सुरू होते. श्वास नाकाने, सावकाश, सोडताना लांब. नळी अन्ननलिकेत आहे, श्वासाची वाट मोकळी आहे. हात नळीकडे नेऊ नका.

जठराच्या घड्या उलगडाव्यात म्हणून हवा भरतात, त्याने पोट फुगतं, ढेकर येते. येऊ द्या, शिष्टाचार इथे बाजूला ठेवायचा. तुकडा घेतला तर दुखत नाही, दोन-तीन मिलिमीटरचाच असतो. तुकडा घेतला म्हणजे कॅन्सरचा संशय आहे असंही नाही, जंतूच्या तपासणीसाठीही तो लागतो. त्यातला एक पिवळ्या जेलमध्ये टाकतात आणि जंतू असेल तर जेल गुलाबी होतं.

नंतर अर्धा ते एक तास झोपवून ठेवतात. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत काही घेऊ नका. मग आधी एक घोट पाणी, ठसका लागला नाही तर कोमट चहा, मऊ भात. घसा एक-दोन दिवस खवखवतो. गुंगी घेतली असेल तर पूर्ण २४ तास गाडी, दारू, यंत्रावरचं काम, कुठल्याही कागदावर सही आणि मोठे पैशाचे व्यवहार बंद. संध्याकाळी तरतरीत वाटलं तरी स्कूटर नको.

आतड्याला किंवा अन्ननलिकेला छिद्र पडणं फार दुर्मीळ, पण छातीत किंवा पोटात वाढत जाणारी कळ, मानेवर सूज, ताप, धाप, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच यांपैकी काहीही दिसलं तर फोनवर विचारत न बसता त्याच रात्री इस्पितळ गाठा.

रिपोर्टमध्ये ‘जीई जंक्शन ४० सेंमी’ दिसलं तर घाबरू नका, अन्ननलिका जठराला मिळते त्या जागेचं ते दातांपासून मोजलेलं अंतर आहे. ‘एलए ग्रेड ए’ म्हणजे आम्लामुळे अन्ननलिकेला झालेली सौम्य इजा, ‘डी’ सगळ्यात जास्त. ‘अँट्रल गॅस्ट्रायटिस’, म्हणजे जठराच्या खालच्या भागाचा दाह, फार जणांच्या रिपोर्टमध्ये असतं आणि एकट्या त्या शब्दावरून उपचार ठरत नाही. तुकड्याचा रिपोर्ट साधारण आठवड्याने येतो. लोक दुर्बिणीचे फोटो घेऊन घरी जातात आणि हा दुसरा रिपोर्ट लॅबमध्ये पडून राहतो. निघतानाच तो कुठे, कधी आणि कोणी आणायचा ते लिहून घ्या.