नोट मारून पळतोस कुठे?

डबल बेस, म्हणजे माणसाएवढं उंच, उभं धरून वाजवायचं खर्जाच्या तारांचं लाकडी वाद्य, शिकायचाय, सुरुवात कुठून करू, असं विचारत अधूनमधून कुणीतरी घरी येतं. बहुतेक जण बेस गिटार वाजवणारे. मी त्यांना आधी माझं वाद्य जिन्यावरून खाली नेऊन परत वर आणायला लावतो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. निम्मे तिथेच विचार बदलतात.

मी गिरगावात वाढलो, कान तबल्यावर तयार झाला. डबल बेस हाती आला एकविसाव्या वर्षी, वांद्र्याच्या एका निवृत्त गोवेकर वादकामुळे. तरुणपणी त्यांनी हॉटेलांत जॅझ वाजवला, पुढची हयात हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये गेली. आम्ही त्यांना अंकल म्हणायचो. पहिले तीन महिने त्यांचं एकच पालुपद : "नोट मारून पळतोस कुठे? पुढची येईपर्यंत थांब ना तिथे!"

नोट म्हणजे स्वर. अर्धा धंदा या वाक्यात आहे. वॉकिंग बेस म्हणजे चार मात्रांच्या बारमध्ये, म्हणजे छोट्या आवर्तनात, दर मात्रेला एक स्वर. नवशिक्याचं लक्ष पुढच्या स्वराकडे असतं, त्यामुळे डावं बोट तारेवरून लवकर सुटतं आणि चाल लंगडते. एक स्वर दुसऱ्याला जाऊन भिडला पाहिजे. तबल्याचं एकल वादन ऐकलेल्यांना मी सांगतो, आपण लेहरेवाले, तबल्यामागे तीच सुरावट फिरवत ताल सांभाळणारे. लेहरा ढळला तर तबलजीने समेवर यायचं कसं? फरक इतकाच, की लेहरा तोच तो फिरतो; आपण मात्र बारा बारच्या ब्लूजमध्ये दर फेरीला निराळ्या वाटेने त्याच कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छावर) पोचायचं.

माझं घोडं अडलं ते समेपाशीच. आपला कान पहिल्या मात्रेवर भार टाकतो, जॅझचा भार दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर, जिथे ड्रमरचा हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटायची झांजांची जोडी, मिटतो. मेट्रोनोमचा (लयीचे ठोके देणाऱ्या यंत्राचा) ठोका 2 आणि 4 धरून वाजवायचं, एवढं साधायला मला आठ महिने लागले. मध्येच ठोका उलटा पडायचा आणि माझ्या गावीही नसायचं.

डाव्या हाताला खालच्या पट्ट्यात पहिलं, दुसरं आणि चौथं बोट (तर्जनी, मधलं आणि करंगळी) वापरतात, अनामिका करंगळीला नुसता आधार देते. बेस गिटारवरून आलेल्यांना ही सवय फार जड जाते. तारेची लांबी एकशेपाच सेंटिमीटरच्या आसपास, पडदे नाहीत. बोट जरा घसरलं की बेसूर. म्हणून गज (सारंगीसारखा तारेवर ओढायचा) शिकाच. जॅझमध्ये तो क्वचित लागतो, पण बोटाने छेडलेला स्वर विरून जातो आणि त्यात चूक खपून जाते. गजाखाली ती उघडी पडते. मी एका ऑर्केस्ट्रातल्या वादकाकडे दोन वर्षं फक्त लांब स्वर ओढले. कंटाळवाणं होतं, खोटं कशाला बोलू.

ऐकायचं कोणाला? बेसवादक जिमी ब्लँटन 1939 मध्ये अमेरिकन जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात आला आणि 1942 मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी, क्षयाने गेला. तेवढ्या काळात त्याने बेसला ठेका धरण्यापलीकडे बोलतं केलं. दुसरा बेसवादक पॉल चेंबर्स तर गजानेही सोलो घ्यायचा. पण माझा माणूस रॉन कार्टर. सुरुवात चेलोवर, 1963 ते 1968 ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिससोबत, आणि 2015 मध्ये 2,221 रेकॉर्डिंगसाठी गिनेसमध्ये नोंद. कुणीतरी इतक्या वेळा बोलावलं, ते काही फक्त त्याचे सोलो ऐकायला नव्हे.

पहिलं वाद्य प्लायवुडचं घ्या. जाणकार नाक मुरडतील, मुरडू द्या. मुंबईच्या पावसाळ्यात अखंड लाकडाचा बेस फुगतो आणि तारा बोटांपासून वर जातात. मग हॉटेलच्या एसीत नेला की सुकून सांधे सुटतात. तारांखालच्या घोडीला उंची कमी-जास्त करायची चाकं बसवून घ्या. कार्यक्रमाला पाऊण तास आधी जा, वाद्याला त्या हवेची सवय होऊ द्या. गाडीचं म्हणाल तर पुढची सीट मागे झोपवली की छोट्या हॅचबॅकमध्येही बेस मावतो, फक्त शेजारी कुणी बसू शकत नाही. बायको मागे, बेस पुढे, ही आमच्या घरातली जुनी तक्रार.

पैसा? नुसत्या जॅझवर मुंबईत माझं घर चाललेलं नाही. इलेक्ट्रिक बेस, लग्नं, कंपन्यांच्या पार्ट्या, स्टुडिओची कामं, शिकवण्या, सगळं केलं. नोटेशन (लिहिलेली स्वरलिपी) चटकन वाचता येत असेल तर स्टुडिओवाले पुन्हा विचारतात. एका आयोजकाने तीन कार्यक्रमांचे पैसे बुडवले, तेव्हापासून निम्मे आगाऊ घेतो. आणि मानधन ठरवताना वाद्याचं टॅक्सीभाडं वेगळं सांगा. गायकाच्या माइकला भाडं पडत नाही, आपल्याला पडतं. हे तोंड उघडून मागायला मला सहा वर्षं लागली.