सीबीसीच्या अहवालावरून रक्तातल्या ऑक्सिजनचा हिशेब कसा करावा

सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा, अहवाल हातात आला की आपण आधी बाण काढलेला आकडा शोधतो. तांबड्या पेशी कमी दिसल्या की धसका घेतो, जास्त दिसल्या की रक्त भरपूर आहे म्हणून निश्चिंत होतो. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. ऊतींपर्यंत ऑक्सिजन किती पोहोचतो हे पेशींच्या एका आकड्यावरून कळत नाही, त्यासाठी थोडा गुणाकार करावा लागतो. तो अवघड नाही. अहवाल, कागद आणि घरात असेल तर बोटाला लावून रक्तातली ऑक्सिजन पातळी दाखवणारा पल्स ऑक्सिमीटर घेऊन बसा.

१. तीन ओळी शोधा

पहिली ओळ आरबीसी काउंटची. ती एका घनमिलिमीटर रक्तातल्या तांबड्या पेशींची संख्या सांगते आणि प्रौढांत ती साधारण ४० ते ५५ लाख असते. दुसरी हिमोग्लोबिनची, १०० मिलिलिटर रक्तात किती ग्रॅम ते सांगणारी. तिसरी पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्ताचा किती टक्के भाग तांबड्या पेशींनी व्यापला आहे. हिमोग्लोबिनला तीनने गुणले की पीसीव्हीच्या जवळपास आकडा येतो. फारच तफावत असेल तर पेशींचा आकार किंवा त्यांतले हिमोग्लोबिन नेहमीसारखे नाही, नाहीतर मोजणीत गडबड आहे.

२. पेशींच्या संख्येवर थांबू नका

ऑक्सिजन धरून ठेवते ते पेशीतले हिमोग्लोबिन. त्याचा एक रेणू ऑक्सिजनचे चार रेणू वाहतो, आणि एका तांबड्या पेशीत असे सुमारे २७ कोटी रेणू असतात. पेशी लहान आणि फिकट असतील तर संख्या भरपूर असूनही माल कमीच वाहिला जातो. थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराच्या वाहक व्यक्तींमध्ये हे नेहमी दिसते. काउंट ५८ लाख, पण हिमोग्लोबिन ११ आणि पेशींचा आकार सांगणारा एमसीव्ही ६५. अशा वेळी एमसीव्हीला दशलक्षांतल्या काउंटने भागा. ६५ भागिले ५.८ म्हणजे ११ च्या आसपास. उत्तर १३ पेक्षा कमी आले तर लोहाच्या कमतरतेपेक्षा थॅलेसेमियाचा संशय अधिक. हा फक्त अंदाज आहे. खात्री फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि हिमोग्लोबिनच्या प्रकारांच्या तपासणीने होते, आणि ती झाल्याशिवाय महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या घेत राहणे चूक आहे.

३. गुणाकार करा

एक ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरले की सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहते. म्हणून हिमोग्लोबिन × १.३४ × ऑक्सिजन पातळी हे सूत्र वापरा. पातळी ९८ टक्के असेल तर ०.९८ धरा. हिमोग्लोबिन १४ असेल तर दर १०० मिलिलिटर रक्तात सुमारे १८.४ मिलिलिटर ऑक्सिजन. हिमोग्लोबिन ८ असेल तर साडेदहा. रक्तद्रवात नुसता विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम ०.३ मिलिलिटर असतो, तो सोडून दिला तरी चालेल.

आता हृदयाला हिशेबात घ्या. विश्रांतीत ते मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पुढे ढकलते, म्हणजे १०० मिलिलिटरचे ५० वाटे. पहिल्या माणसाला मिनिटाला ९२० मिलिलिटर ऑक्सिजन मिळतो, दुसऱ्याला ५२५. स्वस्थ बसलेल्या शरीराला मिनिटाला सुमारे २५० पुरतो. म्हणूनच हळूहळू वाढलेला रक्तक्षय बसल्या जागी जाणवत नाही. जिना चढताना मागणी कित्येक पटींनी वाढते, तेव्हा कमी पडलेले भरून काढायला हृदय धावू लागते. धडधड आणि धाप लागते ती त्यामुळे.

४. ऑक्सिमीटरच्या ९८ ला भुलू नका

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही पायरी. ऑक्सिमीटर सांगतो ते असलेल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के भरले आहे. मुळात हिमोग्लोबिन किती आहे हे त्याला ठाऊकच नसते. हिमोग्लोबिन १४ आणि पातळी ९० असलेल्या रक्तात १६.९ मिलिलिटर ऑक्सिजन निघतो, तर हिमोग्लोबिन ८ आणि पातळी ९८ असलेल्या रक्तात साडेदहाच. अर्थात ९० ही पातळी फुफ्फुसांच्या किंवा हृदयाच्या त्रासाची खूण असू शकते, तिच्याकडे दुर्लक्ष नकोच. पण धाप लागणाऱ्या माणसाला ‘ऑक्सिजन ९८ आहे, काही झालेले नाही’ असे सांगून घरी बसवू नका.

५. आकडा वरचा असेल तर

जास्त पेशी म्हणजे जास्त ऑक्सिजन हे एका मर्यादेपर्यंतच खरे. हिमॅटोक्रिट चढत गेला तसे रक्त घट्ट होते आणि पन्नाशीच्या पुढे तर फारच झपाट्याने. हिमोग्लोबिन २० धरा. दर १०० मिलिलिटरमध्ये २६.३ मिलिलिटर ऑक्सिजन येतो. पण समजा घट्टपणामुळे प्रवाह ५ लिटरवरून साडेतीनवर आला, तर पोहोच पुन्हा ९२० च. फायदा शून्य, शिवाय गुठळी होण्याचा धोका. पॉलिसायथेमिया व्हेरा या तांबड्या पेशी अतोनात वाढवणाऱ्या आजारात हिमॅटोक्रिट ४५ टक्क्यांखाली ठेवतात तो याचसाठी. पुरुषांत हिमोग्लोबिन १६.५ च्या किंवा स्त्रियांत १६ च्या वर राहत असेल तर तपासणी पुन्हा करून डॉक्टरांना दाखवा. धूम्रपान आणि झोपेत श्वास अडखळणे ही नेहमीची कारणे आहेत, तीही सांगा.

६. रक्तातल्या पाण्याचा विचार करा

हे सगळे आकडे प्रमाणाचे आहेत. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झाले की पेशी न वाढताही हिमॅटोक्रिट वर जातो. उंच प्रदेशात पहिल्या काही दिवसांत होणारी वाढही मुख्यतः अशीच असते. मूत्रपिंडातल्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाच्या सांगण्यावरून नव्या पेशी तयार व्हायला आठवडे लागतात. गरोदरपणात उलटे होते. रक्तद्रव पेशींपेक्षा जास्त वाढतो, म्हणून तिथे रक्तक्षयासाठी हिमोग्लोबिनची सीमा ११ धरतात. एरवी ती स्त्रियांत १२ आणि पुरुषांत १३ असते. आणि अपघातात नुकताच मोठा रक्तस्राव झाला असेल तर हिमोग्लोबिन सुरुवातीला ठीकच दिसते, कारण पेशी आणि द्रव दोन्ही एकदमच गेलेले असतात. तिथे अहवालावर विसंबून थांबू नका.

७. केव्हा आणि पुन्हा कधी

विश्रांतीतही धाप, छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे किंवा काळी शौच असेल तर हिशेब बाजूला ठेवून लगेच रुग्णालय गाठा. एरवी कारण शोधून उपचार सुरू झाले की पुढची तपासणी साधारण चार आठवड्यांनी करा. लोहाची कमतरता हेच कारण असेल आणि गोळ्या लागू पडत असतील तर तोवर हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने वर आलेले दिसते. आकडा सामान्य झाला तरी साठा भरण्यासाठी गोळ्या सहसा आणखी तीनेक महिने चालू ठेवतात. त्या कधी बंद करायच्या ते डॉक्टरांना विचारून ठरवा.